भाऊराव मेले आणि कीर्तनाला उभे राहिले!

भाऊराव मेलेत! अगदी खरेखुरे मेलेत, त्यात काही गोम नाही. बायको रडते आहे, चाळीतली माणसं गोळा झाली आहेत, तिरडीची भाषा सुरू झाली आहे. आणि मग भाऊराव काय करतात सांगू? कीर्तनाला उभे राहतात! मेलेला माणूस! स्वतःच्या मरणाचं आख्यान स्वतःच लावतो! आपण कसे गेलो, मागे काय गोंधळ उडाला, कोण आलं, कोण कसं रडलं, सगळं गाऊन, रंगवून, झोकात सांगतो, आणि वाचता वाचता आपण आधी दचकतो, मग खुदकन हसतो, आणि मग इकडेतिकडे बघतो की हसताना कुणी पाहिलं तर नाही!

नाटकाचं नाव ‘महानिर्वाण’. लिहिणारे सतीश आळेकर. साल १९७४. पुण्यामुंबईकडचे जाणकार म्हणतील, बाई, हे आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे! असू दे ना! मला आत्ता मिळालंय! मी नाटकाची अभ्यासक नाही, समीक्षा कशी करतात मला माहीत नाही, मी सांवेरला राहते, इंदूर-उज्जैन रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव, भोवती सोयाबीन, गहू आणि बटाट्याची शेतं, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली, हिंदी-माळवी मिसळलेली मराठी. इंदूरहून पुस्तकं आणली होती. त्यात हे एक पातळसं. म्हटलं, चहा होईपर्यंत दोन पानं चाळू. चहा आटला! दूध वर येऊन गेलं! आणि मी ओट्याशीच उभी, आणि भाऊराव गातायत, आणि मला खाली बसायचंही सुचत नाहीये!

तर आता तुम्ही माझ्याबरोबर चला. एकटीला हे पेलवत नाहीये.

आधी ते कीर्तनच बघा! कीर्तन आपल्याला केवढं ओळखीचं. पूर्वरंग, मग उत्तररंग, पेटी, तबला, झांजा, मध्येच बुवांनी श्रोत्यांना मारलेली कोपरखळी. लहानपणी रामनवमीला इंदूरला गेलं की आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अर्ध्या झोपेत ऐकलेलं. कीर्तनात बुवा दुसऱ्याची गोष्ट सांगतात. हरिश्चंद्राची, ध्रुवाची, एखाद्या संताची. इथे बुवा स्वतःची सांगतात, आणि गोष्टीचा नायक आत पांढऱ्या कापडाखाली आडवा आहे! कसं सुचलं असेल हो! म्हणजे बघा, जो माणूस गप्प व्हायला हवा तोच सगळ्यात जास्त बोलतो. आपल्याकडे माणूस गेला की पहिल्या तासाभरात त्याचं नाव जाऊन ‘बॉडी’ होते. बॉडी कुठे ठेवायची, बॉडी कधी उचलायची! आणि आळेकर म्हणतात, थांबा, बॉडीला बोलायचंय!

आणि ती बोलतेच, आणि हट्टही धरते! भाऊरावांचा हट्ट असा की मला जाळायचं ते आपल्या जुन्या स्मशानातच. आता हे जुनं स्मशान बंद झालेलं! नवीन निघालंय, सोयीचं, नगरपालिकेच्या व्यवस्थेतलं. पुणेकरांना हे लगेच कळेल, तिथे ओंकारेश्वराजवळ नदीकाठी जुनं स्मशान होतं आणि मग वैकुंठ आलं. पण मला सांवेरमध्ये बसून कळलं! जिवंतपणी माणूस म्हणतो, माझ्या ताटात हेच वाढा, माझी खुर्ची इथेच ठेवा, माझा टॉवेल वेगळा. मेल्यावर का म्हणणार नाही? आणि मग तो मुलगा, नाना, त्याच्या गळ्यात बापाचा हट्ट पडतो, आणि चाळकरी घाई करतायत, आणि नवं स्मशान बापाला नको आणि जुनं मिळत नाही, आणि मग प्रेत घरातच! दिवसांमागून दिवस! वास यायला लागतो! वाचताना मी पदर नाकाला लावला. खरंच लावला! पुस्तकाला वास नसतो हे कळत असूनही!

हे सगळं हसवतं. मला सांगा, कसं हसवतं? मुडदा सडतोय आणि आपण हसतोय! दोन दिवस याच विचारात होते. मग वाटलं, आपण प्रेताला हसत नाहीच. हसू येतं ते बाकीच्यांच्या धांदलीचं. माणूस गेलाय एवढी मोठी गोष्ट घडलीय, आणि सगळ्यांना पडलीय ती बांबूची, सुतळीची, मडक्याची, दाखल्याची, आणि ऑफिसला किती वाजता पोचता येईल याची! हे मी पाहिलंय! तुम्हीही पाहिलंय! खोटं बोलू नका! आमच्या आजोबांच्या वेळी अंगणात दोन काका कामट्या किती लागतात यावर हमरीतुमरीवर आले होते, आणि एका आत्याने मध्येच विचारलं होतं की मंडळी परत आल्यावर चहाला साखर पुरेल ना! आजोबा आत निजलेले! तेव्हा ती आत्या निष्ठुर वाटली होती. आता वाटतं, बिचारी, साखर मोजत होती म्हणून उभी तरी होती.

पण थांबा! खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही! खरी गोष्ट रमा!

रमा म्हणजे भाऊरावांची बायको. नानाची आई. सकाळपर्यंत सवाष्ण, आता विधवा. आणि माझ्या बायांनो, ही रमा! ती रडते, पण रडणंही लयीत! आपल्याकडच्या जुन्या बायका गेलेल्या माणसाचे गुण काढून काढून रडतात ना, सूर लावून, मध्येच श्वास घेऊन पुन्हा तिथूनच पकडून, तसं. आधी हसू येतं. आणि मग त्या लयीच्या खाली एक बाई आहे हे कळतं, आणि हसू घशात अडकतं. भोवती सगळे तिच्याबद्दल बोलतायत. आता वहिनींचं कसं होणार, वहिनींना सांभाळा, वहिनींना पाणी द्या. सांत्वनाला आलेल्या पुरुषांच्या नजरा मात्र भलतीकडेच! आणि ती मधोमध! तिला कुणी विचारलंय का, बाई, तुला काय हवंय?

आळेकरांनी विचारलं! पंचवीस वर्षांच्या पोराने विचारलं! होय, पंचवीस! १९४९ चा जन्म, १९७४ चं नाटक. हिशेब करून बघा!

आणि रमेला काय हवंय माहितीये? आता धरून बसा! त्या चाळकऱ्यांच्या घोळक्यात एक जण आहे. डावीकडून तिसरा. त्याला नावसुद्धा नाही! डावीकडून तिसरा! बस्स! नवऱ्याचं प्रेत अजून घरात, आणि रमेचं मन डावीकडून तिसऱ्यापाशी! मी पुस्तक मिटलं. उघडलं. पुन्हा वाचलं. वहिनीला हाक मारली. तिलाही वाचून दाखवलं. तिने तोंडावर हात ठेवला, आणि मग हात बाजूला करून म्हणाली, “पुढे वाचा ना, ताई!”

मला सांगा, हे कुणी लिहितं का? आपल्या सगळ्या कथा-सिनेमात नवी विधवा कशी असते? भिंतीला टेकलेली. डोळे कोरडे नाहीतर नुसता पाऊस. कुंकू पुसलेलं, बांगड्या फुटलेल्या, आणि ती लगेच पवित्र होते! लगेच! तासाभरापूर्वी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलणी खाणारी बाई, नवरा गेला की समईसारखी! आणि इथे रमा समई व्हायला तयारच नाही! तिच्या डोक्यात स्वप्नं चालू आहेत, शरीर चालू आहे, मन चालू आहे. नवऱ्यावर माया नव्हती असंही नाही. म्हणून तर मी थक्क झाले! माया आहे, रडूही खरं आहे, आणि डावीकडून तिसराही खरा आहे! तिन्ही गोष्टी एकाच बाईत, एकाच दिवशी! आणि नाटककार तिला शिक्षा करत नाही, तिला वाईट चालीची ठरवत नाही, तिच्या बाजूने भाषणही ठोकत नाही. नुसतं दाखवतो! आणि मग मुलाचं काय होत असेल? एकीकडे बाप, मेलेला पण न जाणारा. दुसरीकडे आई, जिवंत, आणि जरा जास्तच जिवंत! नानाची जी तारांबळ! आणि मेलेल्या नवऱ्याला हे कळलं तर? तो तर सगळं बघतोय! पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. मुळीच सांगणार नाही! वाचा!

मला आमची आजी आठवली. आजोबा गेले तेव्हा ती मधल्या खोलीत कोपऱ्यात बसून होती. तेरा दिवस घर गजबजलेलं. आमच्याकडे इंदूर भागात तिसऱ्या दिवशी उठावणा असतो, त्याची जाहिरात हिंदी पेपरात द्यायची, फोटो कुठला द्यायचा यावर चर्चा. मग दहाव्याला सगळे उज्जैनला, क्षिप्रेकाठी सिद्धवटावर. पिंड ठेवला, कावळ्याची वाट. मग तेराव्याचं जेवण, माळव्यात त्याला नुक्ता म्हणतात, त्यात किती माणसं, पुरी की पोळी, लाडू की बर्फी. आजीला कुणी काही विचारलं नाही. नाही, विचारलं! एकदा विचारलं! कपाटाची किल्ली कुठे आहे म्हणून! आणि एके दुपारी सगळे निजलेले असताना मी पाहिलं, आजी हळूच उठून ओसरीवर गेली आणि आजोबांच्या आरामखुर्चीत बसली. पाय वर घेऊन! आयुष्यात पहिल्यांदा! चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. ‘महानिर्वाण’ वाचताना एकदम वाटलं, अगं बाई! तिचाही काहीतरी डावीकडून तिसरा असेल! माणूसच असेल असं नाही. खुर्ची असेल. दुपार असेल. कुणाला न विचारता उघडलेला रेडिओ असेल!

हे मी मोठ्यांदा बोलले, तर शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, त्या आधी गप्प झाल्या. मला वाटलं, रागावल्या. आणि मग म्हणाल्या, “मी पहिल्याच आठवड्यात रात्री दिवा मालवून लवकर झोपले गं. चाळीस वर्षं त्यांच्या बातम्या संपेपर्यंत जागायचे.” आणि त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला, आणि मी म्हटलं, हेच! अगदी हेच त्या पुस्तकात आहे!

आता हे आळेकर कोण, ते शोधायला बसले. अहो, काय काय निघावं! जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.! पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी! दिवसा प्रयोगशाळा आणि रात्री हे! म्हणजे शरीर म्हणजे काय, ते बंद पडल्यावर काय होतं, याच्याशी या माणसाची रोजची ओळख. मला तर एकदम पटलं! १९७२ च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ आलं, त्यावरून वाद झाला, ते नाटक करणारी मंडळी आधीच्या संस्थेतून बाहेर पडली आणि १९७३ मध्ये पुण्यात थिएटर अकादमी उभी राहिली. त्याच अकादमीने दुसऱ्याच वर्षी ‘महानिर्वाण’ केलं. दिग्दर्शन आळेकरांचंच. आणि नानाचं काम कुणी केलं? आळेकरांनी स्वतः! भाऊराव झाले चंद्रकांत काळे, गाता गळा! संगीत आनंद मोदकांचं! ही सगळी तेव्हा विशी-पंचविशीतली मुलं! पोरांनी मरणाचं नाटक केलं आणि ते पन्नास वर्षं मेलं नाही! नव्या पिढीच्या नटांना घेऊन पुण्यात ते आता पुन्हा उभं राहिलंय, आणि दिग्दर्शन पुन्हा आळेकरांचंच. गौरी देशपांड्यांनी ते इंग्रजीत नेलं. आणि मला कुणी सांगितलं नाही! एवढ्या वर्षांत कुणीही नाही!

तुम्हाला आमचा उलटा हनुमान माहीत असेल. सांवेरचं नाव काढलं की लोक तोच विचारतात. शेंदूर लावलेली मूर्ती, डोकं खाली. अहिरावणाने राम-लक्ष्मणाला पाताळात नेलं तेव्हा मारुती त्यांना सोडवायला खाली गेला, तो हा, असं सांगतात. लहानपणी मी मान वाकडी करकरून त्याचा चेहरा सुलटा बघायचा प्रयत्न करायची. ‘महानिर्वाण’ वाचताना तीच मान वाकडी झाली! मेलेला बोलतो, जिवंत गप्प. रडायचं तिथे गाणं. आणि एवढी मान वाकडी केल्यावर जो चेहरा दिसतो तो आपल्याच घरातला!

आणि मग मला थांबवेना. आणखी असं काही आहे का? आहे! महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’! १९८५, कलावैभव, दिग्दर्शन विजया मेहता. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेलेत, आणि मुंबईचा मुलगा-सून दिवसांसाठी आलेत. हे नाटक अगदी वेगळं! इथे मेलेला माणूस उठून गात नाही. इथे कुणी मोठ्यांदा हसवत नाही. पण त्या वाड्यासमोर एक बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे, येणारे-जाणारे त्याला अडखळतात, आणि तो कुणी हलवत नाही! ट्रॅक्टर! आत अंथरुणाला खिळलेल्या दादी, तात्याजींच्या आई, किती वाजले म्हणून विचारत राहतात. तेराव्याला गावजेवण घालायचंय कारण देशपांड्यांची इभ्रत आहे, आणि पैसे नाहीत! आणि मग कुणी द्यायचे, किती द्यायचे, मोठ्याने की धाकट्याने! आणि या सगळ्यात आई. नुकती विधवा झालेली. ती फार थोडं बोलते. आणि जेव्हा बोलते तेव्हा मुलं एकदम लहान होतात! आणि त्या वाड्यातली थोरली सून, वहिनी, घरातले सगळे दागिने एका रात्री अंगावर घालून उभी राहते, तो प्रवेश! मी दिवा लावून दोनदा वाचला. बाहेर सुतक आणि आत बाई नखशिखान्त सोन्याने मढलेली! १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी या वाड्याची तिन्ही नाटकं, म्हणजे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ धरून, सलग केली होती. सलग! मी असते तर डबा घेऊन गेले असते!

दोन्ही नाटकांतल्या आया शेजारी शेजारी ठेवून बघा. रमेचा जीव बाहेर उसळतो, तर वाड्यातल्या आईचा आत आत जातो. मला दोघी खऱ्या वाटल्या. पण मनापासून सांगू? मन रमेपाशी अडकलं. वाड्यातली आई बघून मी म्हणते, हो, अशाच असतात आया. रमा बघून म्हणते, अशी असती तर! नाही, तेही नाही. अशी होतीच, आपण बघितलं नाही!

वहिनीला नाटकं वाचायला वेळ नाही, ती म्हणाली, सिनेमा असेल तर सांगा. आहे! सीमा पाहवांचा ‘रामप्रसाद की तेरहवी’, चित्रपटगृहात आला १ जानेवारी २०२१ ला. लखनौचं घर, नसीरुद्दीन शाह गेलेले बाऊजी, सुप्रिया पाठक अम्मा. सगळी मुलं-सुना जमतात, गाद्या घालतात, खातात, भांडतात, बापाने कर्ज का काढलं यावर खल करतात, आणि अम्मा तिथेच, त्या गर्दीत एकटी! हिंदीत असला तरी आमच्या माळव्यातल्या बायकांना एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही मोबाईलवर तिघीचौघी डोकी एकत्र करून बघितला. मध्येच एक जण म्हणाली, “अगं, ही तर आमच्या मोठ्या जाऊबाई!” आणि दुसरी म्हणाली, “ही तूच आहेस!” आणि मग जो हशा!

आणि राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’, २०१६ चा! तिथे माणूस अजून गेलेला नाही, यंत्रावर आहे, पण नातेवाईकांनी पुढचा हिशेब सुरू केलाय, कारण तोंडावर गणपती! त्यात कोण काम करतंय? सतीश आळेकर! तेच! मी पडद्यावर बोट ठेवून ओरडले! ज्यांनी पंचविशीत ‘महानिर्वाण’ लिहिलं ते इतक्या वर्षांनी पुन्हा अशाच एका घोळक्यात!

आता एक गोष्ट जरा शांतपणे सांगते, जमलं तर. इंदूरला मराठी नाटकाचं वेड जुनं आहे. बाबा डिके यांची नाट्यभारती इथलीच. आणि आज सानंद न्यास पुण्यामुंबईची नाटकं आणतो, आणि एकाच नाटकाचे वेगवेगळ्या प्रेक्षकगटांसाठी लागोपाठ प्रयोग होतात, आणि गटांना नावं कुणाची? रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार! आपल्या गावच्या रसिकांची नावं प्रेक्षकांना! महाराष्ट्राबाहेर! मला याचा फार अभिमान वाटतो. आणि हे प्रयोग होतात कुठे? खंडवा रोडला, देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या सभागृहात.

देवी अहिल्या! १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले तेव्हा त्याही नव्या विधवाच होत्या. मुलगा मालेराव तेव्हा लहान. सती जायला निघाल्या होत्या, आणि मल्हाररावांनी अडवलं. सासऱ्याने सुनेला म्हटलं, थांब. आणि पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवलं! आम्ही इथे त्यांच्या नावाने शपथा घेतो, पुतळे उभारतो, विमानतळाला त्यांचं नाव देतो. पण त्या पहिल्या तेरा दिवसांत त्या बाईच्या मनात काय चाललं असेल, हे कुणी विचारलंय? मी कधी विचारलं नव्हतं. त्यांची रमा करायची म्हणत नाही मी, कुणी भलता अर्थ घेऊ नका! एवढंच म्हणते की त्या नावाच्या सभागृहात ‘महानिर्वाण’ बघायला मिळालं तर मी सांवेरहून चालत येईन! मिळेल ती बस, मिळेल तो टेम्पो, पण येईन!

तोवर काय करायचं? तोवर वाचायचं! मोठ्यांदा वाचायचं! हे नाटक मनातल्या मनात वाचण्यासारखं नाहीच, त्याला तोंड लागतं, टाळ्या लागतात, झांज लागते. मी एकदा दार लावून भाऊरावांचं एक पान कीर्तनाच्या चालीवर म्हणून बघितलं. काय मजा आली! सूर गेला उडत, पण ठेका बरोबर बसतो! वाक्यं आपोआप डोलायला लागतात! गल्लीतली दोन पोरं खिडकीत येऊन उभी राहिली. एकाने विचारलं, “काकी, कोण मेलं?” मी म्हटलं, भाऊराव! तो म्हणाला, “मग तुम्ही गाताय का?” मी म्हटलं, मी नाही रे, तेच गातायत! आणि ती दोघं आत येऊन बसली, आणि मी पुढचं पान म्हणून दाखवलं, आणि ती पोट धरून हसली, आणि मग एकदम गप्प होऊन एकाने विचारलं, “त्यांच्या बायकोला कळलं का, ते गातायत ते?” आठ वर्षांचा मुलगा! थेट रमेपाशी!

तर आता बेत असा आहे. येत्या रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर वाचन. सतरंज्या काढल्यात. रमा वाचणार शेजारच्या काकू, त्यांनी स्वतः मागून घेतली! आधी म्हणाल्या, लोक काय म्हणतील, आणि मग म्हणाल्या, म्हणू देत. नाना माझा भाचा, त्याला नोकरीमुळे तारांबळीची सवय आहे. चाळकऱ्यांची काळजी नाही, सगळी गल्ली तयार आहे. डावीकडून तिसऱ्यावर मात्र भांडण लागलंय, पाच जण उजवीकडचे असूनही डावीकडे सरकतायत! झांजा राममंदिरातून मिळतील. पोहे, शेव आणि जलेबी वहिनीकडे.

अडलंय ते भाऊरावांपाशी. गाणारे हवेत. मरणाची लाज न वाटणारे हवेत. तुमच्या ओळखीत कुणी आहे? की तुम्हीच येता? इंदूरहून उज्जैनची कुठलीही बस घ्या आणि सांवेरला उतरा. पुस्तक माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त आवाज आणा!